खोक्यावरचा आकडा

फ्रीज घ्यायला गेलो की आपण लिटर विचारतो. पंखा घेताना पात्यांचा घेर बघतो, आणि मिक्सर किती वॉटचा हे विचारायला तर आता घरोघरच्या गृहिणी शिकल्या आहेत. ग्राफिक्स कार्ड घ्यायला गेलेल्या माणसाला मात्र नेमके काय विचारावे हेच ठाऊक नसते. समोर तीस हजारांचा खोका असतो. त्यावर एखादा ड्रॅगन नाहीतर डोळ्यांतून आग ओकणारा यंत्रमानव असतो आणि एक चार आकडी क्रमांक. त्याच्या पुढे-मागे ‘आरटीएक्स’, ‘टीआय’, ‘एक्सटी’, ‘ओसी’ अशी अक्षरे. शेजारी उभ्या असलेल्या चिरंजीवांना ती अक्षरे मंत्रासारखी पाठ असतात. वडिलांना फक्त किंमत वाचता येते. दुकानदार दोघांच्याही चेहऱ्यांकडे बघून काय ते ओळखतो.

संगणकाच्या कामात बरीच वर्षे गेल्यामुळे नातेवाइकांत माझी ‘हा सांगेल’ अशी ख्याती आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले की फोन सुरू होतात. एके काळी ‘कोणता कॉम्प्युटर घेऊ?’ असा सरळ प्रश्न असे. आता मुलगा फोन हातात घेतो आणि विचारतो, ‘कार्ड कोणतं टाकू?’ आणि मागून बापाचा आवाज येतो, ‘पण ते लागतंच का, ते विचार आधी.’

लागते का, या प्रश्नाचे उत्तर आधी दिले पाहिजे. पत्रव्यवहार, हिशेब, चित्रपट, ऑनलाइन वर्ग यांसाठी वेगळे कार्ड लागत नाही. आजच्या बहुतेक प्रोसेसरांच्या पोटातच तेवढ्यापुरती चित्रांची सोय असते. खेळ म्हटला की गणित बदलते, आणि ते गणित पाचवीतल्या मुलालाही करता येईल इतके सोपे आहे. साध्या फुल एचडी मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला की २० लाख ७३ हजार ६०० होतात. हलते चित्र डोळ्यांना सलग वाटावे म्हणून सेकंदाला साठ वेळा ते सगळेच्या सगळे ठिपके नव्याने रंगवायचे. म्हणजे सेकंदाला जवळपास साडेबारा कोटी ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवताना उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, भिंत विटांची आहे की काचेची, हे सारे बघायचे. एका चित्राला वेळ मिळतो सोळा-सतरा मिलिसेकंद.

प्रोसेसर हा हुशार पण एकटादुकटा कारागीर. तो अवघड काम पटकन करील, पण कोट्यवधी ठिपके एकेक करून रंगवणे त्याला झेपायचे नाही. कार्डावरची चिप म्हणजे एकाच वेळी झाडू मारणारी हजारो माणसे. त्यांतल्या एकेकाची बुद्धी बेताची, पण एकदम कामाला लागली की मैदान साफ. मध्यम प्रतीच्या आरटीएक्स ३०६० कार्डाच्या चिपमध्ये असे ३५८४ कामकरी आहेत.

ज्यांनी १९९३ साली आलेला ‘डूम’ खेळला आहे त्यांना आठवेल की त्या वेळी असले काही लागत नव्हते. त्याचे चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचे. म्हणजे सारे मिळून चौसष्ट हजार. तेवढे प्रोसेसर एकट्याने ओढून नेत असे. आजच्या फुल एचडी पडद्यावर त्याच्या बत्तीसपट ठिपके आहेत. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स या कंपनीचे ‘व्हूडू’ कार्ड आले आणि मग हे खेळांचे वेगळे शास्त्रच झाले. गंमत म्हणजे ते कार्ड एकटे चालत नसे. साधे चित्र दाखवायला आधीचे कार्ड ठेवावेच लागे आणि दोघांना मागच्या बाजूने एका केबलने जोडावे लागे. सुनेने घरात यावे पण सासूच्या परवानगीशिवाय चूल पेटवू नये, तसला कारभार! १९९३ साली कॅलिफोर्नियात तिघांनी सुरू केलेल्या एनव्हिडियाने १९९९ मध्ये ‘जीफोर्स २५६’ काढले आणि त्याला ‘जीपीयू’ म्हणून मिरवले. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस थ्रीडीएफएक्सची मालमत्ता तिने विकत घेतल्याचे जाहीर झाले. कॅनडातली एटीआय ही दुसरी मातब्बर कंपनी २००६ मध्ये एएमडीने घेतली. इंटेल २०२२ मध्ये ‘आर्क’ कार्डे घेऊन उतरली. आजही गिऱ्हाइकापुढे चिपा याच तिघांच्या. खोक्यावर असूस, गिगाबाइट, एमएसआय, सफायर अशी जी नावे दिसतात ते त्या चिपेभोवती पाटी, पंखे आणि पत्रा बसवणारे. तेव्हा एकाच चिपेच्या दोन कार्डांत पाच हजारांचा फरक दिसला, तर तो बहुधा पंख्यांचा आणि रंगीत दिव्यांचा असतो. खेळाच्या वेगात त्याने नजरेत भरेल असा फरक पडत नाही. हे वाक्य बापांनी कापून पाकिटात ठेवायला हरकत नाही.

आता त्या चार आकडी क्रमांकाकडे वळू. सर्वसाधारण रीत अशी की पहिले दोन आकडे पिढी सांगतात आणि शेवटचे दोन दर्जा. ३०६० म्हणजे तिसाव्या मालिकेतले मधल्या फळीचे, ५०९० म्हणजे पन्नासाव्यातले सर्वांत वरचे. ‘टीआय’ किंवा ‘एक्सटी’ लागले की थोडे सरस. इथपर्यंत ठीक आहे. पण ही रीत कंपन्या स्वतःच किती वेळा मोडतात ते पाहिले की खोक्यावरच्या आकड्यावरचा विश्वास उडतो.

२०१६ चे जीटीएक्स १०६० घ्या. ते तीन जीबीचे आणि सहा जीबीचे असे दोन प्रकारांत मिळे. कोणालाही वाटेल की फरक फक्त मेमरीचा. प्रत्यक्षात तीन जीबीवाल्याच्या चिपेत कामकरीही कमी होते, १२८० ऐवजी ११५२. त्याआधी २०१४ च्या जीटीएक्स ९७० ची कथा तर न्यायालयात गेली. खोक्यावर चार जीबी लिहिले होते, आणि होतेही. पण त्यातला शेवटचा अर्धा जीबी इतर साडेतीन जीबीच्या मानाने फारच मंद. २०१६ मध्ये तडजोड झाली आणि अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना कार्डामागे तीस डॉलर देण्याचे ठरले. २०२२ च्या सप्टेंबरात आरटीएक्स ४०८० हे नाव एकदम दोन वेगळ्या कार्डांना दिले गेले, एक सोळा जीबीचे आणि एक बारा जीबीचे, आणि बाराचे मुळात हलक्या चिपेचे. गिऱ्हाइकांनी एवढा ओरडा केला की महिनाभरात कंपनीने ते मागे घेतले. जानेवारी २०२३ मध्ये तेच कार्ड ४०७० टीआय हे नाव लावून, शंभर डॉलर स्वस्त होऊन आले. मुलीचे नाव लग्नात बदलते हे आपण जाणतो. इथे वरात निघण्याआधीच बदलले!

जाहिरातीतल्या वेगाच्या आकड्यांचेही तसेच. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाच्या प्रमुखांनी व्यासपीठावरून सांगितले की ५४९ डॉलरचे नवे ५०७० हे १५९९ डॉलरच्या जुन्या ४०९० इतके काम देईल. टाळ्या पडल्या. खरी गोष्ट अशी की नव्या कार्डात दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये तीन बनावट चित्रे घुसवण्याची युक्ती आहे आणि आकडे ती धरून काढलेले होते. चित्र गुळगुळीत दिसते हे खरे. पण बटण दाबल्यापासून पडद्यावर गोळी सुटेपर्यंतचा वेळ त्याने कमी होत नाही, उलट थोडा वाढतोच. ज्या मुलांना ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक’सारखे चपळाईचे खेळ खेळायचे असतात, त्यांच्या ती फारशी कामाची नाही. हिच्या मानाने जुनी युक्ती मात्र खरोखर उपयोगी आहे. कमी ठिपक्यांचे चित्र काढून ते हुशारीने मोठे करायचे. एनव्हिडिया तिला डीएलएसएस म्हणते, एएमडी एफएसआर आणि इंटेल एक्सईएसएस. मध्यम कार्डाचे आयुष्य तिने एक-दोन वर्षांनी सहज वाढते.

हे सगळे ठाऊक असले तरी प्रत्यक्ष निवड करताना घरातली माणसे आणि खिशातला पैसा हे दोन मुद्दे येतातच. जून २०२५ मध्ये मिरजेहून माझ्या ताईचे कुटुंब पुण्याला आले ते याच कामासाठी. भाचा बारावी होऊन इंजिनीअरिंगच्या तयारीत. भाची अॅनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाला. घरात सहा वर्षांपूर्वीचा, रायझन ५ ३६०० प्रोसेसरचा संगणक. त्यातले जुने कार्ड बंद पडलेले. भाऊजींनी सांगितले, ‘पस्तीस हजार आहेत. त्यात दोघांचंही भागलं पाहिजे. पुढच्या चार वर्षांत मी पुन्हा या विषयावर बोलणार नाही.’ भाऊजी बोलतात कमी, पण बोलले की तो शब्द शेवटचा असतो.

भाच्याचे ठरलेले होते. नुकतेच मे महिन्यात आलेले आरटीएक्स ५०६०. अमेरिकेत जाहीर झालेली किंमत २९९ डॉलर. त्या वेळच्या भावाने सुमारे साडेपंचवीस हजार रुपये, वर १८ टक्के जीएसटी धरला की तीस हजारांच्या घरात. (अमेरिकेतली किंमत कराशिवाय सांगतात हे लक्षात न घेता ‘इथे लुटतात’ म्हणून दुकानदाराशी भांडणारे पुष्कळ भेटतात.) भाचीला ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरवर काम करायचे. हे सॉफ्टवेअर फुकट मिळते, आणि लाटव्हियात तयार झालेला ‘फ्लो’ हा चित्रपट त्यावरच बनवलेला. त्याला २०२५ मध्ये ऑस्कर मिळाले तेव्हापासून भाची घरात कोणाला ‘हे खेळणं आहे’ म्हणू देत नाही.

‘मामा, ५०६० नवीन आहे, फास्ट आहे. ताईचं कामही त्यावर होईलच की,’ भाच्याचे म्हणणे.

‘होईल, पण माझा सीन त्यात मावला तर ना!’ भाचीचे उत्तर.

तिचा मुद्दा बिनतोड होता. कार्डावरची मेमरी म्हणजे सुताराचे टेबल. काम चालू असताना लागणारे सगळे सामान, पोत, आकृत्या, प्रकाशाचे हिशेब, त्यावर मांडलेले असावे लागते. टेबल लहान पडले की सामान खाली, म्हणजे संगणकाच्या साध्या मेमरीत, ठेवायचे आणि दर वेळी वाकून उचलायचे. खेळात याचे रूप म्हणजे मध्येच बसणारे झटके किंवा भिंतींवर उमटणारे धूसर, चिखलासारखे पोत. ब्लेंडरमध्ये एकतर काम गोगलगाईच्या गतीने चालते, नाहीतर मेमरी संपल्याचा निरोप देऊन थांबते. ५०६० ला मेमरी आठ जीबी. शिवाय भाऊजींच्या घरचा मदरबोर्ड जुन्या, तिसऱ्या पिढीच्या पीसीआयई जोडणीचा. ५०६० त्या जोडणीच्या सोळापैकी आठच मार्गिका वापरते. म्हणजे सामान खालून उचलायला वाकायचे आणि वर दरवाजाही अर्धाच उघडा.

मी भाचीला तिचे महाविद्यालयातले काम पेन ड्राइव्हवर आणायला सांगितले होते. गावातला बाजार, पंधरा-वीस दुकाने, कौलारू घरे. माझ्या संगणकावर ते उघडले आणि एक चित्र पूर्ण करायला लावले. ब्लेंडर काम करताना किती मेमरी लागते ते दाखवतो. आकडा साडेनऊ जीबीपर्यंत चढला. भाचा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. वाद घालून पटले नसते ते त्या एका आकड्याने पटले.

आठच्या वरचे पर्याय तीन-चारच. इंटेलचे आर्क बी५८०, बारा जीबी, २४९ डॉलरचे. मोठा मोह होता. पण ते जुन्या प्रोसेसरबरोबर जोडले की त्याचा वेग पुष्कळ खाली येतो, हे जानेवारी २०२५ मध्ये परीक्षकांनी दाखवून दिले होते. नवा संगणक बांधणाऱ्याला मी ते आनंदाने सुचवीन. इथे नाही. एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी सोळा जीबी, ३४९ डॉलरचे, त्याच आठवड्यात बाजारात आलेले. नुसत्या खेळासाठी त्या दोनतीन कार्डांत तेच उत्तम, आणि जोडणीच्या सोळाही मार्गिका वापरणारे. पण ब्लेंडरच्या कामात त्याच दर्जाचे एनव्हिडियाचे कार्ड त्याला मागे टाकते. आणि सगळा कर धरून तेवढ्यातच पस्तीस हजार संपत होते. एनव्हिडियाचेच ५०६० टीआय सोळा जीबी दोघांच्याही मनासारखे, पण त्याचा हिशेब चाळीस हजारांच्या पुढे. भाऊजींकडे कोणी बघितलेसुद्धा नाही.

उरले आरटीएक्स ३०६०, बारा जीबी. २०२१ च्या फेब्रुवारीत आलेले, म्हणजे तेव्हा चार वर्षांचे जुने मॉडेल, पण नवे कोरे मिळत होते, पंचवीस हजारांच्या आतबाहेर. खेळात ५०६० पेक्षा ते स्पष्टपणे मागे आहे, हे मी भाच्यापासून लपवले नाही. मधली चित्रे घुसवण्याची एनव्हिडियाची ती नवी युक्ती त्यावर चालत नाही, हेही सांगितले. पण घरचा मॉनिटर फुल एचडी आणि पंचाहत्तर हर्ट्झचा. म्हणजे सेकंदाला पंचाहत्तरच्या वर चित्रे काढली तरी तो दाखवणार नाही. व्हॅलोरंट त्याला सहज भरून काढील. सायबरपंकसारखे जड खेळ थोड्या मधल्या दर्जावर ठेवावे लागतील. आणि ‘इंडियाना जोन्स’सारखे २०२४ च्या अखेरीपासून आलेले काही खेळ प्रकाशकिरणांचा हिशेब करणारे कार्ड असल्याशिवाय उघडतच नाहीत, ती सोय ३०६० मध्ये आहे.

भाचा म्हणाला, ‘माझे मित्र हसतील, मामा.’

यावर मी काही बोललो नाही. अठराव्या वर्षी ही तक्रार लहान नसते. थोड्या वेळाने तोच म्हणाला, ‘बारावालंच घेऊ. पण रात्री दहापर्यंत कॉम्प्युटर माझा.’ भाचीने लगेच मान्य केले. तिचे चित्रे काढायचे काम रात्रभर आपोआप चालते, तेव्हा तिला दहानंतरच हवा होता. भाऊजींनी विजेच्या बिलाचे विचारले. सगळा संगणक मिळून तीनशे वॉट धरला तर रोज तीन तासांच्या खेळाने महिन्याला सत्तावीस युनिट. रात्रभरच्या कामाचे वेगळे, पण ते परीक्षेच्या आधीच. ‘चालेल,’ एवढेच ते म्हणाले.

दुकानात एक गोष्ट मुद्दाम पाहावी लागली. ३०६० या नावाखाली २०२२ च्या अखेरीस आठ जीबीचे एक कार्ड आले, आणि त्यात मेमरीचा रस्ताही अरुंद केलेला, १९२ बिटांऐवजी १२८ चा. खोक्याचे चित्र तेच, नाव तेच. काउंटरवरच्या पोराने प्रथम तेच पुढे केले. ‘बारा जीबीचे’ म्हणताच निमूटपणे मागे जाऊन दुसरा खोका आणला. त्याचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. ‘३०६०’ एवढेच मागणाऱ्याला ‘३०६०’ एवढेच मिळते.

वाचलेल्या दहा हजारांचे काय केले, हा या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग, आणि याच बाबतीत लोक सर्वांत कंजूष असतात. जुन्या संगणकात वीजपुरवठ्याचा जो डबा होता त्यावर ‘४५० वॉट’ एवढेच छापलेले. कोणत्याही प्रमाणपत्राचा पत्ता नाही, आणि वजनाला पोकळ. ३०६० ला १७० वॉट लागतात. मदरबोर्डच्या खाचेतून पंचाहत्तरच मिळतात, बाकीचे या डब्यातून वेगळ्या केबलने. कंपनी साडेपाचशे वॉटचा डबा सुचवते. आम्ही तेवढाच, ‘८० प्लस ब्राँझ’ शिक्का असलेला, नामवंत कंपनीचा घेतला. पंचवीस हजारांचे कार्ड आठशे रुपयांच्या डब्याच्या भरवशावर सोडणे म्हणजे पैठणी नेसून चिखलात फुगडी घालणे.

तसेच यूपीएसचे. घरोघर जो लहान, ६०० व्हीएचा यूपीएस असतो तो प्रत्यक्षात साधारण ३६० वॉटच पेलतो. कार्ड असलेला संगणक आणि मॉनिटर खेळाच्या भरात त्याच्या अगदी काठावर जातात, आणि क्षणभराच्या उसळीने तो नेमका वीज गेल्यावर, म्हणजे ज्या कामासाठी घेतला त्याच वेळी, मान टाकतो. एक हजार व्हीएच्या पुढचा घ्यावा. वीज येत-जात राहणाऱ्या गावांत तर यात काटकसर करूच नये. तीच गोष्ट हवेची. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीतच चाळीस अंश असतात. तिथे समोर काच लावलेली दिमाखदार कॅबिनेट म्हणजे भट्टी. जाळीच्या तोंडाची साधी पेटी घ्यावी, ती भिंतीला चिकटवून किंवा देवघराच्या खालच्या कपाटात कोंबून ठेवू नये, आणि दिवाळीच्या साफसफाईत तिच्यातली धूळही झटकावी. कार्ड लांबीला मावेल ना, हे टेपने मोजूनच दुकानात जावे. तीन पंख्यांची कार्डे फूटभर लांब असतात.

वापरलेले कार्ड घ्यावे का? हा प्रश्न नेहमी येतो. २०२१ मध्ये आभासी चलनाच्या खोदकामासाठी कार्डांची एवढी लूट झाली की दुकानांत मिळेनाशी झाली आणि मिळाली तर दुप्पट भावाने. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या चलनाने आपली पद्धतच बदलली. कार्डांनी करायचे काम एका दिवसात संपले आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे ‘थोडीच वापरलेली’ म्हणून बाजारात आली. ठाण्यातल्या माझ्या एका परिचिताने त्यांतलेच एक घेतले. महिनाभरात पडद्यावर रंगीत चौकोन नाचू लागले. उलटून पाहिले तर अनुक्रमांकाचे लेबल खरवडलेले, आणि विकणाऱ्याचा फोन बंद. सगळीच जुनी कार्डे अशी नसतात. समोर अर्धा तास जड खेळ चालवून दाखवा म्हणावे, पंख्याचा आवाज ऐकावा, अनुक्रमांक शाबूत आहे का पाहावे आणि मूळ पावती मागावी. यातल्या कशालाही विकणारा कां-कूं करू लागला तर चहा पिऊन परत यावे.

‘अमेरिकेतल्या भावाला आणायला सांगू’ हाही आपल्याकडचा लाडका पर्याय. किमतीत थोडे वाचते, पण पुष्कळ कंपन्यांची हमी ज्या देशात माल विकला त्या देशापुरतीच असते. इथे पक्क्या पावतीवर बहुतेक कार्डांना तीन वर्षांची हमी मिळते, आणि लॅमिंग्टन रोडवर काय किंवा पुण्याच्या बाजारात काय, ‘बिल नको असेल तर कमी करतो’ असे कोणी म्हटले तर तो कमी करत असलेला पैसा त्या हमीचाच आहे असे समजावे. भाव पडतील म्हणून किती थांबावे, याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या केंद्रांनी मेमरीच्या चिपा एवढ्या ओढल्या की साध्या रॅमचेही भाव भडकले. कार्ड बनवणाऱ्यांची खरी कमाई आता त्या केंद्रांतून होते. आपली मुले त्यांची धाकटी गिऱ्हाइके.

कार्ड घरी आल्यावरच्या दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. संगणकाच्या मागे मॉनिटरची केबल लावायला दोन जागा दिसतात. वरची, उभ्या खाचांच्या शेजारी, मदरबोर्डची. खालची, आडव्या पट्टीतली, नव्या कार्डाची. वर्षानुवर्षांच्या सवयीने हात वरच्या जागी जातो. प्रोसेसरमध्ये चित्राची सोय असेल तर पडदा उजळतो, सगळे ठीक दिसते आणि पंचवीस हजारांचे कार्ड आत निवांत झोपा काढते. केबल खालच्या जागी लावावी. आणि मॉनिटर जास्त हर्ट्झचा असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा हाताने निवडावा, कारण बरेचदा तो साठवरच अडकलेला असतो. मिरजेचा मॉनिटर तसाच होता. फोनवरून दोन मिनिटांत पंचाहत्तर करून दिला.